वाचक विचारतात: रायफलच्या तोंडाला ब्रेक लावू का?

ह्या वेळच्या टपालात (टपाल कसलं, सगळं व्हॉट्सॲपच) मझल ब्रेकची (नळीच्या तोंडाला बसवायचा, धक्का कमी करणारा तुकडा) लाट आलीये. अलिबागपासून कुडाळपर्यंत सगळ्यांना एकदमच नळीच्या टोकाला काहीतरी बसवायचंय, यूट्यूबची कृपा. स्लिंग आणि जॅकेटचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, ह्यावेळी हेच एक निस्तरूया.

प्रश्न: सर, माझ्याकडे परवान्यावरची पॉइंट टू टू बोल्ट ॲक्शन रायफल आहे, ५० मीटर प्रोन (पालथं पडून) मारतो. हल्ली शॉट वर जातायत, एखादा तर सरळ बारा वाजता आठमध्ये. व्हिडिओत बघितलं की ब्रेक लावल्यावर नळी उडतच नाही. इथे एमआयडीसीत मित्राचं लेथचं वर्कशॉप आहे, तो म्हणतो नळीला आटे पाडून अर्ध्या दिवसात बसवून देतो, खर्च फक्त मटेरियलचा. पावसाळा संपला की जिल्हा स्पर्धा आहे. लावू का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: नका लावू. पण एवढ्यावर थांबलो तर तुम्ही मित्राकडे जालच, म्हणून जरा बैजवार सांगतो.

आधी ब्रेक करतो काय ते बघा. गोळी नळीतून सुटली की तिच्या मागून जळलेल्या दारूचा गॅस सुटतो, गोळीपेक्षाही जोरात, आणि तो पुढे पळताना रायफलीला मागे रेटतो. ब्रेकला बाजूने खाचा आणि आत आडव्या भिंती असतात, गॅस त्यांच्यावर आपटून बाजूला वळतो, काही डिझाइनमध्ये थोडा मागेही वळतो, आणि जेवढा गॅस असा वळला तेवढा धक्का कमी होतो. म्हणजे ब्रेकचं सगळं भांडवल गॅस. आता तुमच्या पॉइंट टू टूत तो आहे किती? गोळी ४० ग्रेनची, साधारण २.६ ग्रॅम, आणि तिच्यामागे दारू जेमतेम ०.१ ग्रॅम. तीही नळीच्या मागच्या भागातच जळून संपते, पुढे मॅच रायफलीची एवढी लांब नळी, त्यात गॅस पसरत जातो, दाब उतरतो, टोकाला पोचेपर्यंत ब्रेकच्या हाताला काही लागतच नाही. ह्याउलट पॉइंट थ्री झीरो एट घ्या, १६८ ग्रेनच्या गोळीमागे चाळीसेक ग्रेन दारू, गोळीच्या वजनाच्या जवळजवळ पाव. तिथे ब्रेकला काम आहे. तुम्ही बघितलेले व्हिडिओ बहुतेक त्या जातीच्या रायफलींचे असणार.

धक्क्याचा हिशोबही करून टाकू. साडेपाच किलोची पॉइंट टू टू, गोळीचा वेग सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास धरा, रायफल मागे येते ती ०.०७ ज्यूलच्या आसपास. तेवढ्याच वजनाची पॉइंट थ्री झीरो एट खांद्यावर आदळते १३-१४ ज्यूलने. दोनशेपट फरक आहे हा. पॉइंट टू टूचा धक्का कमी करायला पैसे घालायचे म्हणजे जो त्रास नाहीच त्याच्यावर औषध.

आणि ह्याहून महत्त्वाचं, ब्रेकला काम सुरू करायला गोळी आधी बाहेर पडावी लागते. ती आत असेपर्यंत गॅस तिच्या मागे कोंडलेला, ब्रेकपर्यंत पोचतोच कुठे. गोळी नळीत असते साधारण तीन मिलिसेकंद आणि तेवढ्यात तुमची रायफल मागे सरकते किती, तर ०.३ मिलिमीटर. गोळीचं वजन, रायफलीचं वजन आणि नळीची लांबी घेऊन कागदावर मांडून बघा, हेच येईल. नंतर नळी उडताना दिसते ती गोळी गेल्यावर. शॉट आठमध्ये जायचा असेल तर तो तेव्हा ऑलरेडी गेलेला असतो, मग नळी उडो नाहीतर नाचो.

मग मित्रमंडळी शपथेवर सांगतात की ब्रेक लावल्यापासून ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका) आवळला, ते काय खोटं बोलतात? नाही, बऱ्याचदा खरंच आवळलेला असतो. पण त्याचं श्रेय ब्रेकच्या वजनाला. टोकाला शंभर-दीडशे ग्रॅम लोखंड लटकवलं की रायफल पुढून जड होते, होल्ड शांत होतो, नळीची थरथर बदलते. ते वजन तुम्हाला बिनभोकाचंही लावता येतं, नियमात बसून, आटे न पाडता. त्याबद्दल सावंतवाडीच्या प्रश्नात खाली आहे.

आता नियम. आयएसएसएफच्या (नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना) रायफल प्रकारांत मझल ब्रेक आणि कॉम्पेन्सेटर (गॅस वर सोडून नळी खाली दाबणारा त्याचा भाऊ) दोन्हींना बंदी आहे, सरळ लिहिलेली. नळीला किंवा पुढे लावलेल्या एक्स्टेंशन ट्यूबला भोकंसुद्धा चालत नाहीत, आणि नळीच्या आत रायफलिंग (गोळीला फिरवणाऱ्या पिळाच्या खाचा) आणि चेंबर (काडतूस बसतं ती जागा) सोडून दुसरी कसलीही करामत नको. आपल्याकडे जिल्ह्यापासून नॅशनलपर्यंत सगळं त्याच नियमांवर चालतं. इक्विपमेंट कंट्रोलच्या टेबलावर रायफल ठेवलीत की तिथला माणूस आधी नळीचं तोंडच बघतो, बोट फिरवून, आणि भोक लागलं बोटाला की विषय संपला. ‘सर, प्रॅक्टिसचा आहे, काढायचा राहिला’ हे ऐकून ऐकून त्या लोकांचे कान किटलेत. आणि काढून आलात तरी काय, महिनोन्महिने पुढून जड रायफलीवर सराव केला आणि मॅचच्या दिवशी दीडशे ग्रॅम हलकी रायफल हातात, झीरो (साइटची जुळणी) हललेला, बॅलन्स हललेला. म्हणजे स्वतःच्या हाताने खड्डा खणला.

(मॅचचा विषय निघालाय म्हणून जाता जाता. राज्याच्या पुढे ज्या मावळणकर स्पर्धेची सगळी पोरं तयारी करतात ते दादासाहेब मावळणकर, लोकसभेचे पहिले सभापती. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन उभी केली ती त्यांनी, आणि त्यांचं मूळ घराणं आपल्या संगमेश्वरातल्या मावळंग्याचं. ते राहिले अहमदाबादला, पण आडनाव इथलंच.)

लेथवाल्या मित्राचं सगळ्यात शेवटी सांगतोय पण वाचा नीट. परवाना तुमचा आहे तो शस्त्र बाळगायचा. शस्त्र बनवणं, दुरुस्त करणं, त्यात बदल करणं ह्याला शस्त्र कायदा १९५९ खाली वेगळा परवाना लागतो, आणि तो गावातल्या लेथवाल्याकडे नसतो. नळी आखूड करणं तर स्वतंत्र कलमाखाली येतं, आणि आटे नीट बसावेत म्हणून टोक ‘जरासं फेस करून (तासून सपाट करून) घेऊ’ असं लेथवाला म्हणणारच. त्याच कायद्यात आवाज किंवा जाळ कमी करायला बनवलेली ॲक्सेसरीसुद्धा फायरआर्मच्या व्याख्येतच घातलीये. तुमचा ब्रेक आवाज कमी करत नाही, उलट वाढवतो, हे तुम्हाला आणि मला कळतं, पण हातखंब्याच्या नाक्यावर रात्री साडेअकराला गाडी तपासणाऱ्या हवालदाराला नळीच्या टोकाला भोकाभोकाची नळकांडी दिसली तर तो तिला सायलेन्सरच म्हणणार आणि तुम्ही त्याला गॅसचं शास्त्र समजावत बसणार. मित्रही अडकेल, तुम्हीही.

शिवाय काम बारीक असतं. ब्रेकचं भोक नळीच्या भोकाशी अगदी एका रेषेत हवं, गोळीच्या जाडीपेक्षा जेमतेम अर्धा मिलिमीटर मोठं. मोटरसायकलचे शाफ्ट करणारं लेथ नळीला बाहेरून पकडतं, आणि नळीचं भोक बाहेरच्या गोलाईच्या बरोब्बर मध्यावर असेलच असं नाही. आटे कणभर तिरके गेले की गोळी आतल्या भिंतीला घासून जाते. आत्ता निदान आठ तरी पडतोय, मग तोही कुठे पडेल सांगता येणार नाही. आणि पॉइंट टू टूची गोळी असते उघड्या शिशाची, वर मेण किंवा ग्रीस. थोड्या राउंडांत ब्रेकच्या भिंतींवर काळा चिकट थर बसतो, कापसाची काडी फिरवली की राखाडी लगदा निघतो. आपल्या खाऱ्या हवेत तो लगदा ओलावा धरून बसतो आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत आट्यांच्या मुळाशी तांबेरा. मग ब्रेक निघत नाही, निघाला तर आटे घेऊन निघतो.

मग शॉट वर का जातात? तुमचा शॉट सहा-बारा रेषेत हलतोय, डावी-उजवीकडे नाही, ह्यातच निम्मं उत्तर आहे. पहिला संशय श्वासावर. प्रोनमध्ये श्वास घेतला की छाती वर, बट वर, नळी खाली, सोडला की उलटं. प्रत्येक शॉटला श्वास एकाच ठिकाणी थांबत नसेल तर कार्डवर (टार्गेटच्या कागदावर) उभी माळ दिसते. दुसरा संशय डाव्या कोपरावर आणि स्लिंगवर, चाळीस मिनिटांत स्लिंग दंडावरून बोटभर घसरली तरी नळीची उंची बदलते, मग तुम्ही नकळत मनगटाने उचलून नेम धरता आणि ट्रिगर दाबताना ते मनगट सुटतं. मॅटवर आडवे झालात की डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. माशी (पुढची साइट) काळ्या गोलावर आपोआप आली नसेल तर हाताने ओढू नका, कमरेतून अख्खं शरीर सरकवा.

तिसरा संशय काडतुसावर, आणि ह्याकडे आपल्याकडे फारसं कुणी बघत नाही कारण मिळेल ते घ्यायची सवय. ५० मीटरवर गोळीला लागतो सेकंदाचा साधारण सहावा भाग, तेवढ्यात ती बारा-तेरा सेंटिमीटर खाली येते. एकाच डब्यातल्या दोन काडतुसांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक असला की कार्डवर सात-आठ मिलिमीटरचा फरक पडतो. दहाचं वर्तुळच १०.४ मिलिमीटर आहे. आता तुम्हीच सांगा ब्रेक काय करणार इथे. दोन-तीन वेगवेगळ्या लॉटचे डबे आणा, रायफल रेस्टवर ठेवा, दहा-दहाचे ग्रुप काढा, जो लॉट आवळतो तोच सीझनभराचा उचलून ठेवा. ब्रेकचे पैसे इथे घाला.

ट्रिगरही तपासा. मित्राला सांगा (लेथवाल्यालाच सांगा, बिचाऱ्याला काहीतरी काम) की तुम्ही बघत नसताना चेंबरमध्ये कधी भरलेलं काडतूस घालायचं, कधी झाडून झालेली रिकामी पुंगळी. तुम्ही नेहमीसारखा शॉट सोडायचा. पुंगळी असताना खटक्यावर माशी खाली गचकली किंवा वर उडाली तर ते तुमचं अंग धक्क्याच्या आधीच आक्रसतंय. पुंगळी घालायचं कारण असं की रिमफायर रायफल कोरडी झाडली तर पिन चेंबरच्या कडेवर आपटते आणि कड ठेचली जाते. मॅच रायफलीला ड्राय फायरची सोय असेल तर मग प्रश्न नाही.

एक राहिलंच, वेळ कुठली असते प्रॅक्टिसची? सकाळी मतलई (जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा) मंदावलेली असते, हवा पडलेली, तेव्हा मारा. दुपारनंतर खारे वारे सुटले की दहा-पंधरा किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात ५० मीटरवर गोळी दीड-दोन सेंटिमीटर बाजूला जाते. त्यात ढग सरकून ऊन-सावली झाली की नेमही वर-खाली होतो. अशा वेळी मारलेलं कार्ड घरी आणून रायफलीला दोष देऊ नका.

प्रश्न: दादा, मी कॉलेजला आहे, स्प्रिंगवाली नळीमोड एअर रायफल घेतलीये, पॉइंट वन सेव्हन सेव्हन. तिच्या टोकाला काळा मझल ब्रेक कंपनीतूनच आलाय. मित्र म्हणतो स्पर्धेत चालणार नाही, काढून टाक. काढू का? काढला तर धक्का वाढेल का? पडवीत दहा मीटर मोजून मारतो. — एक विद्यार्थी, गुहागर

उत्तर: तो तुकडा आहे नळी मोडताना हाताला पकड यावी म्हणून आणि टोकाला जरा वजन असावं म्हणून. कॅटलॉगवाल्यांनी नाव भारी दिलंय एवढंच. काढलास तर धक्का वाढणार नाही, नळी मोडताना हात मात्र भरून येईल. काढायच्या आधी बघ, पुढची माशी त्याच्यावरच बसवलेली असेल तर काढूच नको.

स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का हा गॅसचा नसतोच मुळी. ट्रिगर दाबलास की आतला जड पिस्टन पुढे धावतो म्हणून रायफल मागे येते, मग पिस्टन दाबलेल्या हवेवर आपटून थांबतो तेव्हा रायफल पुढे हिसकते, आणि हा सगळा गोंधळ छर्रा नळीत असतानाच चाललेला असतो. म्हणून ती रायफल जितकी आवळून धरशील तितकी वाकडी मारेल. पुढचा हात नुसता खाली ठेव, बोटं उघडी, तळव्यावर रायफल पडून राहू दे, बट खांद्याला टेकलेली पण दाबलेली नाही, आणि दर वेळी तळवा त्याच जागी. शॉट सुटल्यावर लगेच डोकं वर काढू नको, मनात एक-दोन म्हण, मग उठ. सुरुवातीला विचित्र वाटेल, पण महिनाभर असंच मार.

स्पर्धेचं म्हणशील तर पीप साइटचा (बारीक भोकातून नेम धरायची साइट) प्रकार खेळायचा असेल तेव्हा क्लबची हवेच्या सिलिंडरची मॅच रायफल मिळते का बघ. ती ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७०-१७५ मीटरने सोडते आणि धक्का जवळजवळ नसतोच, काही मॉडेलांत तर आत उलटा सरकणारा छोटा तुकडा बसवून उरलासुरला धक्काही मारून टाकलेला असतो. अशा रायफलीवर ब्रेक लावायचा विचारसुद्धा कुणाच्या डोक्यात येत नाही. दहा मीटरवरचा दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, तिथे तुझं हृदय धडधडतं तेही कार्डवर दिसतं.

आणि पडवीचं ऐक. मागे चिऱ्याची भिंत आहे ना? जांभ्यावरून छर्रा कुठेही उसळतो. लोखंडी पत्र्याचा तिरका ट्रॅप कर, पत्रा खाली झुकलेला, म्हणजे छर्रा खाली पडेल, आणि डोळ्यावर चष्मा घाल, बघायला बसणाऱ्या भावंडांनाही. ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही म्हणून ती खेळणं होत नाही. मांजर, कोंबड्या आणि शेजारच्या काकूंची उन्हात ठेवलेली आंबोशी ह्यांच्या दिशेने नळी वळायलाच नको.

प्रश्न: महोदय, मी सैन्यातून निवृत्त आहे. आमच्या एसएलआरला, नंतर इन्सासला, सगळ्यांना तोंडावर काहीतरी होतंच. बोफोर्सला तर भला मोठा ब्रेक. मग सिव्हिलियन नेमबाजाला का नको म्हणता? आता ३०० मीटरच्या बिग बोअरमध्ये (मोठ्या काडतुसाच्या रायफलींच्या प्रकारात) उतरायचा विचार आहे. — एक निवृत्त सुभेदार, महाड

उत्तर: सुभेदार साहेब, रामराम. तुमचं निरीक्षण बरोबर आहे, पण रायफलींच्या तोंडावर होता तो फ्लॅश हायडर. त्याचं काम जाळ पसरवून विझवायचं, रात्री स्वतःच्याच जाळाने डोळे दिपू नयेत आणि समोरच्याला जागा कळू नये म्हणून. बोफोर्सचा मात्र खराखुरा ब्रेक. १५५ मिलिमीटरचा गोळा, त्यामागे किलोकिलोनी दारू, ब्रेक नसता तर सगळा भार तोफेच्या गाड्यावर आणि रिकॉइल सिलिंडरवर आला असता. तिथे तो हवाच.

३०० मीटरच्या बाबतीत मी रत्नागिरीवाल्यांना सांगितलं तसं ‘उपयोग नाही’ म्हणणार नाही. उपयोग आहे. बिग बोअरला चांगला ब्रेक धक्का तिसऱ्या हिश्शाने, कधी निम्म्यानेही कमी करतो, आणि साठ राउंडांची मॅच संपेपर्यंत खांदा भरून आला की पंचेचाळिसाव्या शॉटपासून माणूस ट्रिगरला घाबरायला लागतो हे तुम्हाला मी काय सांगावं. पण ३०० मीटरही आयएसएसएफच्याच नियमाखाली येतं, तिथेही बंदी. लांब पल्ल्याच्या एफ क्लासमध्येही बंदी. चालतो तो परदेशातल्या प्रिसिजन रायफल स्पर्धांमध्ये, जिथे घड्याळ लावून जागा बदलत भराभर शॉट टाकायचे असतात आणि स्वतःची गोळी कुठे पडली ते स्कोपमधून स्वतःच बघायचं असतं. तिथे बहुतेकांच्या रायफलीवर दिसेल. आपली मॅच तशी नाही. प्रत्येक शॉटला वेळ आहे, नळी उडाली तर उडू द्या, परत बसवा.

बंदीचं मोठं कारण म्हणजे शेजारी. ब्रेक गॅस बाजूला फेकतो, आणि लेनमध्ये बाजूला कोण असतं तर दुसरा नेमबाज. मारणाऱ्याच्या आणि शेजाऱ्याच्या कानापाशी आवाज ५ ते १० डेसिबलने चढतो. १० डेसिबल म्हणजे दहापट ऊर्जा, आणि मोठ्या रायफलीचा आवाज तसाही १४० डेसिबलच्या खूप वर, जिथे एका शॉटातसुद्धा कानाला कायमची इजा होऊ शकते. वर छप्पर आणि बाजूला चिऱ्याच्या भिंती असलेल्या फायरिंग पॉइंटवर तर तो आवाज परत आपल्याच अंगावर येतो. कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही घाला, ब्रेक असो नसो. तोफखान्यातल्या किती जुन्या मित्रांशी तुम्हाला मोठ्याने बोलावं लागतं ते आठवा. आणि उघड्या माळावर प्रोन पडलात तर ब्रेकचा झोत आपल्या तांबड्या मातीवर आदळून असा काही धुरळा उडवतो की पुढचा मिनिटभर टार्गेट दिसत नाही, स्कोपच्या काचेवर लाल पीठ बसतं.

धक्क्याचा बंदोबस्त दुसऱ्या वाटेने करा. नियमात बसेल तेवढं रायफलीचं वजन वाढवा, तेवढाच गोळीबार जड रायफलीत मऊ लागतो. बट प्लेट खांद्याच्या खोबणीत नीट बसते का ते आरशात बघा, हाडावर बसत असेल तर चुकलं. गालाखालचा चीकपीस अर्धा सेंटिमीटर खाली-वर करून बघा. आणि रोजचा सराव पॉइंट टू टूवर करा, मोठी रायफल आठवड्यातून मोजकी. ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये आपल्या शेजारच्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं, फायनलला ४५१.४. त्या फायनलमधल्या एकाही रायफलीवर ब्रेक नव्हता, असूच शकत नाही.

एक विचारायचं राहिलं, ३०० मीटरची रायफल कुठल्या बोअरची आणि कुणाच्या नावावर? सर्व्हिस बोअर, म्हणजे लष्करी रायफलींचा बोअर, प्रतिबंधित आहे, ते आधी असोसिएशनशी बोलून घ्या, रायफल बघायला नंतर जा.

प्रश्न: एक्स्टेंशन ट्यूब आणि बॅरल वेट चालतात का? दुकानदार म्हणतो ब्रेकपेक्षा ट्यूब घ्या. — एक वाचक, सावंतवाडी

उत्तर: ह्या एका बाबतीत दुकानदार बरोबर बोलतोय. पॉइंट टू टूला बिनभोकाची ट्यूब चालते. नळी आखूड ठेवून पुढची माशी लांब नेता येते, दोन साइटमधलं अंतर वाढलं की चूक बारीक दिसते. वजनंही चालतात, नळीच्या मध्यापासून ३० मिलिमीटरच्या आत असली पाहिजेत. एअर रायफलला मात्र दोन गोष्टी मोजल्या जातात, एकूण वजन साडेपाच किलोच्या आत आणि मेकॅनिझमच्या (बटच्या नव्हे) मागच्या टोकापासून दिसणाऱ्या तोंडापर्यंत ८५० मिलिमीटरच्या आत. ट्यूब लावून ८५० ओलांडलंत तर टेबलावरून परत.

वजन एकदम दोनशे ग्रॅम लावू नका. पन्नास-पन्नास ग्रॅमने वाढवा, प्रत्येक वेळी स्टँडिंगमध्ये रायफल उचलून बघा कंबर कुरकुरते का. आणि पावसाळ्यात ट्यूब नळीवर तशीच ठेवून कपाटात टाकू नका. सराव झाला की काढा, नळी बाहेरून तेलाच्या फडक्याने पुसा, ट्यूबच्या आतूनही पुसा, मग ठेवा. केसमधला फोम जूनमध्ये पाणी शोषून घेतो, रायफल चार महिने तरी केसबाहेर, कुलपाच्या कपाटात उभी असू दे.

प्रश्न: माझी काजीची बाग आसा, शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक आसा, आजोबांच्या वेळची. मारल्यार खांदो फुटता. तोंडाक ब्रेक लावन घेतलंय तर धक्को कमी होतलो काय? डुकरांनी नुसतो धुमाकूळ घातलोहा. — एक बागायतदार, कुडाळ

उत्तर: नाय हो होवचो. आणि हे मात्र मी शुद्ध मराठीत आणि जरा दरडावूनच सांगतो, राग मानू नका.

ठासणीच्या बंदुकीचा खांदा फुटतो तो जवळजवळ नेहमी जास्त दारू ठासल्यामुळे. आजोबांच्या हातात माप होतं, आता अंदाजाने मूठ घातली जाते, ‘डुक्कर मोठा आहे’ म्हणून वर चिमूट आणखी. नळी किती जुनी, आतून किती खाल्लेली, कुणाला माहीत नाही. कोकणातल्या पावसात ती आतून किती गंजली असेल ह्याचा विचार करा. काळी दारू जळली की मागे राहणारी राख पाणी खेचते, मारून न धुता ठेवलेली नळी एका रात्रीत तांबूस होते. अशा पातळ झालेल्या नळीच्या टोकाला आटे पाडायचे म्हणजे आहे तीही धातू खरवडायची, आणि आत भरगच्च दारू. फुटली तर तुमच्या डाव्या हाताशी आणि डोळ्याशी फुटेल. वर रत्नागिरीवाल्यांना लेथबद्दल सांगितलंय ते तुम्हालाही लागू, परवाना रद्द होईल तो वेगळाच. शिवाय ठासणीची बंदूक तोंडाकडूनच भरायची असते, तिथे भोकाभोकाचं बोंडलं बसवून गज कसा घालणार? दारू त्या खाचांतून सांडेल आणि पुढच्या वेळी नको तिथे पेटेल.

बंदूक परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि नळी तपासून घ्या. तो ‘मारू नका’ म्हणाला तर भिंतीला टांगा. डुकरावर मारायची परवानगी वनखात्याची, शेतीसंरक्षणाच्या परवान्यात ती आपोआप येत नाही, हेही तालुक्याला जाऊन विचारून घ्या. आणि बागेसाठी सौरकुंपण बघा. रात्रभर काजीखाली बंदूक घेऊन बसण्यापेक्षा ते बरं, निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची वेळ येऊ शकते, कुंपण जागेवर राहतं.